चेहरा कोणाचा, नाव कोणी लिहिलं? एकोणिसाव्या शतकातल्या पोर्ट्रेट फोटोग्राफीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने फोटो पाहताना बहुतेकांना तेच तेच प्रश्न पडतात. ही माणसं हसत का नाहीत? इतकी ताठ का बसली आहेत? मागचा तो खांब खरा आहे का? या प्रश्नांची उत्तरं पुढे दिली आहेतच. पण त्यांच्याआड एक मोठा प्रश्न आहे आणि माझा खरा जीव त्यात अडकलेला आहे: स्वतःचा चेहरा हातात घेऊन बघता येऊ लागल्यावर माणूस स्वतःला आणि दुसऱ्याला कसा ओळखू लागला? त्याच कॅमेऱ्याने कुणाला आपली ओळख आपण घडवण्याची संधी दिली, तर कुणावर ती लादली. दोन्हीकडे खुर्ची तशीच, भिंग तेच. म्हणून मी प्रत्येक फोटोत दोन गोष्टी आधी शोधते: खालची ओळ कोणी लिहिली, आणि फोटो शेवटी कोणाच्या हातात राहिला.

फोटोग्राफी येण्याआधी लोकांना स्वतःचं चित्र मिळतच नव्हतं का?

मिळत होतं, पण फार थोड्यांना. तैलचित्र हे श्रीमंतांचं काम. युरोपात त्याखालोखाल हस्तिदंतावर रंगवलेली लघुचित्रं होती, आणि अगदी स्वस्तात हवं असेल तर काळ्या कागदातून कापलेली चेहऱ्याची बाह्याकृती. म्हणजे आपली छबी असावी ही हौस कॅमेऱ्याच्या आधीची आहे. पण शेतकरी, मजूर, मोलकरीण, शिपाई यांचा चेहरा त्यांच्याबरोबरच जात असे. आजोबा कसे दिसायचे हे नातवंडांना सांगोवांगीच कळायचं.

पहिलं फोटो-पोर्ट्रेट कोणाचं?

लुई दागेर या फ्रेंच संशोधकाच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची, म्हणजे डॅगेरोटाइपची, घोषणा ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत झाली आणि तिचा तपशील १९ ऑगस्टला जाहीर झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस या तिशीतल्या माणसाने स्वतःचा फोटो घेतला. आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या पोर्ट्रेटमध्ये तो गणला जातो. केस विस्कटलेले, हाताची घडी, चौकटीच्या मध्यापासून सरकलेला आणि नजर जराशी साशंक. पोर्ट्रेटमध्ये कसं दिसायचं याचे नियम अजून कोणी ठरवलेले नव्हते, म्हणून तो आजच्यासारखा दिसतो.

पण ओळखीच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो इप्पोलित बायारचा फोटो. बायारने फ्रान्समध्येच कागदावर फोटो उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधली होती. सरकारने दागेरला मानधन दिलं, बायारच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. १८४० मध्ये त्याने उघड्या अंगाने, डोळे मिटून, बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचा फोटो काढला. मागे लिहिलं की हे प्रेत बायारचं आहे, निराशेने त्याने जीव दिला. चेहरा आणि हात सडू लागल्याचंही त्यात नमूद केलं. खरं तर उन्हाने रापलेली कातडी त्या रसायनांत काळी उमटली होती, एवढंच. कॅमेरा येऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि एका माणसाने फोटोत स्वतःला मारून दाखवलं होतं, तेही मुख्यतः मागच्या मजकुराच्या जोरावर. मजकूर काढून टाकला तर उरतो एक झोपलेला माणूस.

डॅगेरोटाइप म्हणजे नेमकं काय? हातात घेतल्यावर ते कसं दिसतं?

चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासायचा, आयोडीनच्या वाफेवर धरून प्रकाशसंवेदी करायचा, कॅमेऱ्यात घालायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. यात निगेटिव्ह नसते, त्यामुळे प्रत्येक चित्र एकुलतं एक. काचेखाली, मखमली अस्तराच्या छोट्या पेटीत ते ठेवत.

छापलेल्या पुस्तकातून त्याची कल्पना येत नाही. पेटी उघडली की आधी दिसतो तो आरसा, आणि त्यात बघणाऱ्याचाच चेहरा. पेटी हळूहळू तिरकी केली की एका विशिष्ट कोनात आपला चेहरा मावळतो आणि त्या जागी दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा माणूस वर येतो. पापण्यांचे केस, शिवणीचे टाके मोजता येतील इतका स्पष्ट. आणखी थोडं वळवलं की तोच चेहरा निगेटिव्हसारखा उलटा होतो. शिवाय चित्रात डावं-उजवं बदललेलं असतं. त्यामुळे फोटोतल्या माणसाला स्वतःचं रूप रोज आरशात दिसतं तसंच दिसायचं, आणि भांग किंवा कोटाची बटणं चुकीच्या बाजूला आहेत हे घरच्यांच्या लक्षात यायचं.

त्या काळच्या फोटोत कोणी हसत का नाही?

‘फार वेळ स्तब्ध बसावं लागायचं’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. १८३९ मध्ये उन्हातसुद्धा कित्येक मिनिटं लागत. पण १८४० मध्ये योझेफ पेट्झव्हालने पोर्ट्रेटसाठी खास भिंग तयार केलं, पत्र्याला ब्रोमीनची जोड देऊन तो जास्त संवेदी करण्यात आला, आणि १८४१-४२ पर्यंत चांगल्या प्रकाशात वेळ मिनिटाच्या आत आला. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची, म्हणजे काचेवर चिकट रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच फोटो घेण्याची, पद्धत प्रसिद्ध केल्यावर तर काही सेकंदांत काम होऊ लागलं. तरीही लोक हसले नाहीत.

कारण पोर्ट्रेट कसं असावं याची कल्पना चित्रकलेतून आलेली होती. दात दाखवून हसणारा माणूस चित्रात दिसायचा तो दारुडा, विदूषक नाहीतर लहान मूल. पोर्ट्रेट म्हणजे माणसाच्या एखाद्या क्षणाची नोंद नव्हे, त्याच्या सबंध शीलाची नोंद, असं मानलं जाई. आयुष्यात कदाचित एकदाच निघणाऱ्या फोटोत आपण कसे राहू इच्छितो, हे ठरवूनच लोक येत. ते गांभीर्य म्हणजे त्यांची निवड होती.

मानेमागचा लोखंडी स्टँड मृतांना उभं करायला वापरत, हे खरं का?

नाही. हा गैरसमज इंटरनेटवर फार पसरला आहे. तो स्टँड जिवंत माणसाचं डोकं हलू नये म्हणून मागून हलका आधार द्यायला असे. प्रेताचा भार पेलण्याची ताकद त्यात नव्हती. फोटोत पावलांमागे त्याचा पाया दिसला म्हणजे माणूस मेलेला आहे असं नव्हे, उलट तो जिवंत होता आणि हलण्याची शक्यता होती. डोळे पांढरट दिसतात त्याचंही साधं कारण आहे. तेव्हाची रसायनं निळ्या रंगाला फार आणि लाल रंगाला जवळजवळ नाहीच प्रतिसाद देत. त्यामुळे निळे डोळे फिके पडत आणि चेहऱ्यावरचे तांबूस डाग काळे उमटत.

मृतांचे फोटो मात्र खरोखर काढले जात; पलंगावर झोपवून किंवा आईच्या मांडीवर ठेवून. बालमृत्यू इतके होते की अनेक घरांत मुलाचा तेवढा एकच फोटो असे. यातल्या विकृतीची चर्चा खूप होते, पण मला त्यात विकृत काहीच दिसत नाही.

तान्ह्या मुलांच्या जिवंतपणीच्या फोटोंत आणखी एक गोष्ट दिसते. मूल हलू नये म्हणून आई त्याला धरून बसायची आणि तिच्यावर चादर किंवा जाड कापड टाकलं जायचं. फोटो चौकटीत बसवला की ती खुर्चीच्या गवसणीसारखी वाटावी, अशी अपेक्षा. आज मूळ फोटो चौकटीबाहेर काढून पाहिला की कापडातून आलेला हात किंवा बोटं सापडतात. मुलाची ओळख टिकावी म्हणून बाईने स्वतःची ओळख झाकून घेतली.

‘कार्ट द व्हिझित’ म्हणजे काय, आणि त्याने एवढा फरक का पडला?

पॅरिसच्या आंद्रे दिस्देरीने २७ नोव्हेंबर १८५४ रोजी याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा घ्यायच्या, कागदावर एकदम छापायच्या, कापून भेटकार्डाएवढ्या, म्हणजे साधारण ६ × १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. डझनाने प्रती मिळू लागल्या आणि किंमत एकदम खाली आली.

डॅगेरोटाइप घरात जपून ठेवायची वस्तू होती. कार्ट वाटायची, पाठवायची, जमवायची. १८६० मध्ये जॉन मेयॉलने इंग्लंडच्या राजघराण्याच्या कार्टचा संच बाजारात आणला. त्यात राणी व्हिक्टोरिया दिसते ती मुकुटाशिवाय, साध्या घेरदार पोशाखात, नवऱ्याशेजारी उभी. लोकांनी ते फोटो विकत घेऊन आपल्या अल्बमच्या खाचांत सरकवले, आणि मावशीच्या फोटोशेजारी राणी बसली. आकार तोच, पुठ्ठा तोच, उभं राहायची ढब तीच. तोवर राजाचं चित्र महालात मोठं आणि प्रजेचं नसलेलंच, असा हिशोब होता. मध्यमवर्गाने स्वतःकडे ‘आपणही दिसण्याजोगे आहोत’ या नजरेने पाहायला सुरुवात केली ती या अल्बममधून, असं माझं स्पष्ट मत आहे.

याची दुसरी बाजूही आहे. एका साच्यातून निघालेल्या शेकडो चेहऱ्यांत आपला चेहरा एक. वेगळं दिसायची धडपड आणि सगळ्यांसारखं दिसायची धडपड एकाच वेळी सुरू झाली.

स्टुडिओतले खांब, पडदे, जाड पुस्तकं हे सगळं खोटंच होतं ना?

खांब बहुधा लाकडाचा किंवा लगद्याचा, मागची बाग रंगवलेली, पुस्तक स्टुडिओच्या मालकीचं. पण समोर बसलेल्या माणसाला ते ठाऊक असे आणि पाहणाऱ्यालाही. वाचता न येणारा माणूस पुस्तकावर हात ठेवतो तेव्हा तो फसवत असतो की आपली इच्छा सांगत असतो? मला दुसरं उत्तर पटतं.

हे टोकाला नेलं ते काउंटेस द कास्तिल्योने या इटालियन सरदारणीने. १८५६ पासून जवळजवळ चाळीस वर्षं तिने पॅरिसमध्ये पिएर-लुई पिएरसनकडून स्वतःचे ४०० हून जास्त फोटो काढून घेतले. वेश, प्रसंग, कोन सगळं ती ठरवायची. छायाचित्रकार तिच्या सूचनेने काम करायचा. एका प्रसिद्ध फोटोत तिने लंबगोल चौकट डोळ्यासमोर धरली आहे आणि त्यातून एकच डोळा आपल्याकडे रोखून बघतो. अखेरच्या वर्षांत, रूप ओसरल्यावरही, ती कॅमेऱ्यासमोर येत राहिली.

याच्या उलट पॅरिसचाच छायाचित्रकार नादार याची रीत. त्याच्या उत्तम पोर्ट्रेटमध्ये मागे साधा पडदा, सामान नाही, बाजूने येणारा प्रकाश. माणसाला बोलतं करून त्याचा नेहमीचा चेहरा पकडायचा, यावर त्याचा भर. ओळख वेशात आहे की वेश उतरल्यावर उरते, यावरचा हा वाद पॅरिसच्या स्टुडिओंत कॅमेऱ्यानेच चालला होता.

ज्यांना समाज माणूसच मानत नव्हता त्यांनी पोर्ट्रेटचं काय केलं?

या सगळ्या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा.

फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळाला आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचा मोठा वक्ता झाला. त्याचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज माहीत आहेत, अब्राहम लिंकनच्या फोटोंपेक्षाही जास्त. हा योगायोग नव्हता. त्या काळी वर्तमानपत्रांत, जाहिरातींत, करमणुकीच्या खेळांच्या फलकांवर काळा माणूस दिसायचा तो दात विचकणारा, खुळा, खूश. डग्लसने कॅमेऱ्यासमोर हसायचं टाळलं. कडक कॉलर, नीट शिवलेला कोट, आवळलेले ओठ, आणि तरुणपणीच्या अनेक फोटोंत नजर थेट भिंगात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत त्याने चित्रांवरच व्याख्यानं दिली. पन्नास वर्षांपूर्वी राजांच्या पैशालाही मिळालं नसतं असं स्वतःचं चित्र आता साध्या मोलकरणीला मिळू शकतं, हे त्याने त्यात आवर्जून सांगितलं. माणूस स्वतःचं चित्र करू शकतो, ते समोर ठेवून स्वतःकडे बघू शकतो आणि त्यातून स्वतःला सुधारू शकतो, अशी त्याची मांडणी होती.

सोजर्नर ट्रूथ हिचं उदाहरण याहून धारदार आहे. ती न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीत जन्मली, लिहायला-वाचायला शिकली नाही. १८६० च्या दशकात तिने स्वतःची कार्ट छापून घेतली आणि सभांमध्ये, टपालाने विकली. फोटोत ती खुर्चीवर बसली आहे: पांढरी टोपी, शाल, चष्मा, हातात विणकाम, शेजारी टेबलावर पुस्तक आणि फुलं. खाली छापलेली ओळ तिची: आपला देह पोसण्यासाठी मी आपली सावली विकते. एकेकाळी तो देहच दुसऱ्याने विकला होता, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको होतं. फोटोचा हक्क त्या काळी नोंदवलाच तर बहुधा छायाचित्रकार आपल्या नावावर नोंदवी. ट्रूथने १८६४ मध्ये तो स्वतःच्या नावावर नोंदवला आणि तशी नोंद कार्टच्या मागे छापली. चेहरा तिचा, ओळ तिची, हक्क तिचा, पैसा तिचा.

स्त्रियांच्या ओळखीत काय बदललं?

एकसारखं उत्तर नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, कॅमेरा भेट मिळाला. तिने जवळून, मोठे, किंचित धूसर चेहरे टिपले. तिचा शास्त्रज्ञ मित्र जॉन हर्शेल याचं १८६७ चं पोर्ट्रेट पाहावं: पांढरे केस पिंजारलेले, काळोखातून वर आलेला थकलेला चेहरा. तिच्या कामात पुरुष बहुतेक स्वतःच्या नावाने येतात आणि स्त्रिया बऱ्याचदा मॅडोना (येशूची आई मेरी) किंवा काव्यातल्या नायिका म्हणून. त्यातल्या काही तिच्याच घरच्या मोलकरणी होत्या. स्त्रीने काढलेल्या फोटोतही स्त्रीला स्वतःचं नाव मिळेलच असं नव्हतं.

म्हणून १० ऑक्टोबर १८८५ चा फिलाडेल्फियातला एक फोटो फार महत्त्वाचा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत आणि तिघींची नावं फोटोबरोबर नोंदलेली आहेत. आनंदीबाई साडीत आहेत. परक्या देशाचं शिक्षण घ्यायचं, पण दिसायचं ते आपल्या वेशात, हा त्यांचा निश्चय पत्रांतूनही कळतो. इथे तो डोळ्यांना दिसतो. वैद्यकीय पदवी घेतल्यावर वर्षभरातच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या.

शास्त्रज्ञांना चेहऱ्यात काय सापडलं?

जे सापडावं अशी त्यांची इच्छा होती, तेच त्यांनी शोधलं. चेहऱ्याच्या ठेवणीवरून स्वभाव कळतो ही समजूत युरोपात जुनीच होती. कॅमेऱ्याने तिला पुराव्याचा थाट दिला.

१८५० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातला निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासीझ याच्यासाठी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात जोसेफ झीली या स्टुडिओवाल्याने सात गुलाम स्त्री-पुरुषांचे डॅगेरोटाइप काढले. अगासीझला मानववंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले हे सिद्ध करायचं होतं. या सातजणांना विवस्त्र किंवा अर्धविवस्त्र करून समोरून, बाजूने टिपलं गेलं. ज्या स्टुडिओत शहरातली प्रतिष्ठित मंडळी ऐटीत बसत, तोच हा स्टुडिओ. चिठ्ठ्यांवर लिहिलं आहे ते असं: रेन्टी, काँगो, आणि पुढे ज्याच्या मळ्यावर तो होता त्या मालकाचं नाव. रेन्टी, त्याची मुलगी डेलिया, जॅक, त्याची मुलगी ड्राना, आल्फ्रेड, जेम, फसेना. यांतल्या कुणालाही त्या चित्राची प्रत मिळाली असेल, असं मानायला काही आधार नाही. १९७६ मध्ये ही चित्रं हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात पुन्हा सापडली. रेन्टीची वंशज असल्याचं सांगणाऱ्या एका स्त्रीने २०१९ मध्ये खटला भरला आणि २०२५ च्या तडजोडीत हार्वर्डने त्यांवरचा ताबा सोडला. ती साउथ कॅरोलायनातल्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे देण्याचं ठरलं.

दुसरं उदाहरण फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने कैद्यांचे फोटो एकावर एक टिपून ‘गुन्हेगाराचा नमुना चेहरा’ काढायचा प्रयत्न केला. झालं उलटंच. जितके जास्त चेहरे मिसळले तितका मिश्र चेहरा साधा, सरळ, चारचौघांसारखा होत गेला. वैयक्तिक विकृती नाहीशा होऊन सामायिक माणूसपण उरलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. तरीही त्याने आपला वंशसुधारणेचा विचार सोडला नाही. आपल्याच पुराव्यातून निघणारं उत्तर माणूस किती सहज बाजूला सारतो, हे इथे दिसतं.

हिंदुस्थानात काय चाललं होतं?

दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे भारतीय सभासद त्यात होते. हरिश्चंद्र चिंतामण यांचा मुंबईत स्वतःचा स्टुडिओ होता. त्याच शहरात विल्यम जॉन्सनने जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यातली चित्रं नीट पाहिली तर काहीतरी खटकतं. माणसं उभी आहेत ती कुठल्यातरी मंदिरासमोर नाहीतर निसर्गात, पण त्यांच्या अंगावरचा प्रकाश आणि मागचा प्रकाश जुळत नाही. माणसं वेगळी टिपून दुसऱ्या दृश्यावर बसवली आहेत. कोण कुठे ‘शोभतो’ हे कातरीने ठरवलं.

१८५७ नंतर सरकारी पाठबळाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. साडेचारशेहून जास्त फोटो. बहुतेकांखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं नाव आहे, आणि सोबतच्या मजकुरात तो समाज विश्वासू आहे की उपद्रवी याचे शेरे. एका माणसाचा चेहरा हजारोंचा प्रतिनिधी ठरला आणि त्याचं स्वतःचं असं काही उरलं नाही.

दुसरीकडे राजा दीनदयाळ हैदराबादच्या सहाव्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांनी सिकंदराबादेत आणि मुंबईत स्टुडिओ काढले, आणि १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला, जिथे फोटो काढणारीही स्त्रीच असे. त्यांच्याकडे येणारे लोक नमुने म्हणून आले नव्हते. ते गिऱ्हाईक होते. आपल्या मर्जीने आले आणि प्रती घेऊन घरी गेले.

राज्यकर्त्यांनीही स्वतःची प्रतिमा अशी बदलली का?

जपानचा सम्राट मेइजी याहून बोलकं उदाहरण सापडणं कठीण. उचिदा कुइचीने १८७२ मध्ये त्याला पारंपरिक दरबारी वेशात टिपलं आणि १८७३ मध्ये पाश्चात्त्य लष्करी गणवेशात, कापलेल्या केसांनिशी. माणूस तोच, अंतर वर्षाचं. मध्ये एका देशाने आपला चेहरा बदलायचं ठरवलं होतं.

गुन्हेगारांचे समोरून आणि बाजूने फोटो काढायची पद्धत कुठून आली?

कैद्यांचे फोटो १८४० च्या दशकापासूनच निघत होते. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल डुरहाइमने १८५२-५३ मध्ये भटक्या, बेघर लोकांचे फोटो सरकारसाठी काढले. ती माणसं खुर्चीत बसलेली, हात मांडीवर, अगदी सभ्य पोर्ट्रेटच्या थाटात. फोटो नोंदवहीसाठी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे सरकारविरुद्ध उठून शहर ताब्यात घेणाऱ्या, लोकांनी रस्ते अडवायला रचलेल्या ढिगाऱ्यांवर अभिमानाने फोटो काढून घेतले, आणि उठाव चिरडल्यावर तेच फोटो ओळख पटवायला पोलिसांच्या कामी आले.

पण नुसत्या चेहऱ्याने ओळख पटते का? इंग्लंडमधला टिचबोर्न खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. रॉजर टिचबोर्न हा सरदारपुत्र १८५४ मध्ये समुद्रात बेपत्ता झाला. बारा वर्षांनी ऑस्ट्रेलियातून एक लठ्ठ खाटीक आला आणि म्हणाला, तो मीच. रॉजरच्या आईने त्याला मुलगा म्हणून स्वीकारलं. रॉजरचे दक्षिण अमेरिकेत काढलेले डॅगेरोटाइप आणि या माणसाचे फोटो लोकांनी शेजारीशेजारी ठेवून पाहिले, आणि ज्याला जे वाटत होतं तेच त्याला दिसलं. १८७२ मध्ये दावा कोसळला तो रॉजरच्या हातावर गोंदण होतं या साक्षीने. याच्या हातावर ते नव्हतं. पुढे खोट्या साक्षीबद्दल त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

पॅरिस पोलिसांत १८७९ मध्ये कारकून म्हणून लागलेल्या आल्फाँस बेर्तियाँला हीच अडचण दिसली. हजारो फोटो आणि ते शोधायची सोय नाही. त्याने शरीराची अकरा मापं ठरवली, त्यावरून कार्डं लावली, आणि १८८० च्या दशकात फोटोची पद्धत बांधून दिली: ठराविक अंतर, ठराविक खुर्ची, ठराविक प्रकाश, एक समोरून, एक बाजूने. बाजूने का, तर कानाची ठेवण माणसागणिक वेगळी असते आणि चेहऱ्यावरचे भाव बदलून ती बदलता येत नाही. पोर्ट्रेटमध्ये माणूस जे जे आणतो, म्हणजे भाव, ढब, वेश, ते सगळं यात मुद्दाम वगळलं.

शेवटी बाजी मारली ती बोटांनी. बंगालमधला इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल याने १८५८ मध्ये एका करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला होता. कॅमेरॉनने टिपलेल्या त्या जॉन हर्शेलचाच हा मुलगा. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. वर्गीकरणाचं मोठं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं, नाव मात्र त्यांचा वरिष्ठ पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री याचं लागलं.

फोटोत फेरफार तेव्हाही होत होते का?

सर्रास. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवत, प्रतींवर रंग भरत. लिंकनच्या एका भारदस्त चित्रात डोकं त्याचं आणि धड जॉन कॅल्हून या गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं आहे. अमेरिकेत विल्यम ममलर मृत नातलगांच्या ‘आत्म्यांसह’ फोटो काढून द्यायचा. १८६९ मध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला आणि तो सुटला. यादवी युद्धात माणूस गमावलेल्या घरांना ते धूसर रूप ओळखीचं वाटायचं. त्यांना हसणं मला जमत नाही.

स्टुडिओंची सद्दी कधी संपली?

१८८८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमनने कोडॅक हा हातात धरायचा कॅमेरा आणला: १०० फोटोंची गुंडाळी आत भरलेली, किंमत २५ डॉलर. लोक घरी, अंगणात, समुद्रावर फोटो काढू लागले आणि हळूहळू हसूही आलं. सरकारी ओळखीचा फोटो मात्र उलट दिशेने गेला. पहिल्या महायुद्धात पासपोर्टवर फोटो सक्तीचा झाला आणि बेर्तियाँची शिस्त सामान्य नागरिकापर्यंत पोचली.

घरात जुना फोटो सापडला तर काय पाहावं?

आधी प्रकार ओळखावा. आरशासारखा चमकत असेल आणि कोन बदलल्यावर उलटसुलट होत असेल तर डॅगेरोटाइप. काचेवर असेल आणि मागे काळा लेप किंवा कापड असेल तर अँब्रोटाइप. लोहचुंबक हलकेच ओढला गेला तर टिनटाइप. नाव टिनाचं असलं तरी पत्रा लोखंडाचा असतो. पातळ, पिवळट, किंचित चकाकणारा कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर बहुधा अल्ब्युमेन प्रत, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरची. डॅगेरोटाइपचा पत्रा कधीही पुसू नये. कापडाच्या एका फटकाऱ्याने चेहरा कायमचा जातो.

मग उलटा करून मागची बाजू वाचावी. स्टुडिओचं नाव, पत्ता आणि पदकांची चित्रं यांवरून साल काढता येतं. हाताने लिहिलेलं काही असेल तर ते कोणी आणि कधी लिहिलं असेल याचा विचार करावा. फोटो काढतेवेळची नोंद आणि पन्नास वर्षांनी नातवाने केलेला अंदाज यांत फार फरक असतो. घरातली वयस्कर मंडळी नाव सांगू शकत असतील तर ते आजच विचारून घ्यावं. ते पुठ्ठ्याच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने, दाब न देता लिहावं. शाई वापरू नये, ती झिरपते. आणि नावाबरोबर ते कोणी सांगितलं हेही लिहावं.